दुसरी वेलांटी

वेलांटीबाईंनी सभासदांच्या हितसंबंधांची नोंदवही आणखी जवळ ओढली आणि बोट पुन्हा त्याच ओळीखाली नेलं. ‘मी कोणत्याही कंपनीत भागिदार नाही .’ खाली नगरपालिकेच्या बांधकाम समितीच्या सभापतींची झोकदार सही होती. बाईंनी पिशवीतून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. बाईंच्या घरामागचं शाळेचं मैदान या समितीने ज्या कंपनीला वाहनतळासाठी दिलं होतं, तिच्या अर्जाची ही नक्कल. त्यातही ‘भागिदार’. त्यातही प्रत्येक पूर्णविरामाच्या आधी एक मोकळी जागा.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून बाईंची पाठ वाकली होती, पण नजर सरळ होती. वेलांटीबाई हे नाव तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी ठेवलेलं. आधी रागाने, मग धाकाने आणि शेवटी शेवटी मायेने. पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली सगळं जग देतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण दोन चुका अशा हातात हात घालून दोन ठिकाणी हिंडत नाहीत. सभापतींचा कंपनीशी काही संबंध नसेल, तर दोघांचे कागद एकाच हातून कसे उतरले?

"सापडलं का काही?" समोरच्या टेबलावरून कारकुनाने विचारलं.

"चूक उवेसारखी असते. एक दिसली की आणखी असतातच."

कारकून हसला नाही. नोंदवही बघायला येणाऱ्यांची म्हणून एक वेगळी वही होती, ती त्याने पुढे सरकवली.

"सही करा, बाई. पत्ता पण लिहा. तुमच्याआधी चार वर्षांत इथं कोणाची सही नाही. आणि ही वही दर शुक्रवारी सभापतींकडे जाते."

"त्यांना कशाला हवी?"

"कोण काय बघून गेलं, ते त्यांना बघायचं असतं." वही मिटता मिटता तो म्हणाला, "मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. जिना निम्मा उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या माणसापुढे आपण मुलीचा विषय कधीच काढलेला नाही.

घरी आल्या तर परसात एक नवी खुंटी ठोकलेली. मैदानाची मापं घेणाऱ्यांनी लाल रंगाच्या खुंट्या कुंपणापलीकडे मारल्या होत्या, ही मात्र अलीकडे होती, जमिनीत घट्ट रुतलेली. बाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही.

लेक लवकर घरी आली होती. ती एका कायदेशीर सल्लागाराच्या कचेरीत लोकांची कागदपत्रं तयार करी. कोणाची, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं. वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू लेकीनेच चांगल्या दवाखान्यात नेऊन काढून आणले होते, आणि शुद्ध झालेल्या नजरेने बाईंनी सगळ्यात आधी काय वाचलं असेल, तर औषधाच्या बाटलीवरच्या चुका. दोघी तेव्हा पोट धरून हसल्या होत्या.

आज लेक हसत नव्हती. बाईंच्या हातातला तक्रारीचा मसुदा तिने उभ्याउभ्याच पाहिला.

"आई, नाव तुझंच घालायला हवं का?"

"निनावी तक्रार ते केराच्या टोपलीत टाकतात."

"आणि नाव घातलेली?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. परसातली खुंटी त्यांना इथूनही दिसत होती.

"बरं, आण इकडे. मी टाइप करून देते. तुझा हात हल्ली किती कापतो. कोणाला लागणार आहे ते अक्षर?"

अर्ध्या तासाने तिने स्वच्छ छापलेला कागद आईपुढे ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

बाई सवयीने अक्षर अन् अक्षर वाचत गेल्या. त्यांनी लिहून दिलं होतं, ‘भागीदार’ हा शब्द दोन्ही कागदांत ‘भागिदार’ असा लिहिला आहे. छापून आलं होतं, ‘भागिदार’ हा शब्द दोन्ही कागदांत ‘भागिदार’ असा लिहिला आहे . पूर्णविरामाच्या आधी एक मोकळी जागा होती.

त्यांना आधी हसू आलं. शाळेत असताना हा शब्द त्यांनी लेकीकडून पाटीभर गिरवून घेतला होता, आणि अजूनही पोरीला त्यात फरक दिसत नव्हता. मग हसू जिथल्या तिथे गोठलं. ते दोन्ही कागद याच हातून उतरले होते. आयुष्यात त्या इतक्या कधीच घाबरल्या नव्हत्या.

"चुकलंय का कुठे?" लेकीने विचारलं.

असंच जाऊ दिलं असतं, तर तक्रारीला काही अर्थच उरला नसता. शब्द तसाच तर लिहिलाय, मग रडगाणं कसलं, म्हणून कोणीही ती भिरकावून दिली असती, आणि पोर सुटली असती. दुरुस्त केलं, तर आज ना उद्या कोणीतरी विचारणार होतं, की तो लिहिणारा हात कोणाचा. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. चाळीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही चूक सोडली नव्हती. ही एक सोडली असती, तर कोणाला कळलं असतं?

टोपण पुन्हा निघालं.

"आधीच्या शब्दाला दुसरी वेलांटी दे," त्या म्हणाल्या. "नंतरचा राहू दे तसाच. तो तुझाच आहे."

लेकीने लाल खुणेकडे पाहिलं, मग आईकडे. कागद आणि आईचा मसुदा, दोन्ही उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

बाई कान देऊन बसल्या. कळा दाबल्याचा आवाज येईना. थोड्या वेळाने लेकीचं बोलणं ऐकू आलं, अगदी हळू, फोनवर.

"हो. कळलंय तिला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, दुसऱ्या कोणाला नाही. अजून तरी."

बाईंनी खणातून एक कोरा कागद काढला. मनगट डाव्या हाताने धरून त्या पहिल्यापासून लिहू लागल्या. ‘भागीदार’पाशी आल्यावर त्यांनी दुसरी वेलांटी सावकाश, पूर्ण वळण देऊन काढली.

आतलं बोलणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली आणि दाराच्या पलीकडेच थांबली. बाईंनी मान वर केली नाही, त्या पुढचा शब्द लिहीत राहिल्या.