वहीतला शेरा

असोद्याच्या जीवराम गुरुजींच्या खिशाला लाल पेन असायचा आणि तो पेन स्वस्थ बसत नसे. घरी लग्नपत्रिका आली तरी गुरुजी मुहूर्त नंतर बघायचे, आधी पत्रिकेतल्या चुकांवर गोल करायचे. वीस वर्षं पोरांना शिकवून माणसाला जग म्हणजे गृहपाठाची वही वाटायला लागतं, तसं त्यांचं झालं होतं. मनानं वाईट नव्हते. पण मन चांगलं असलं म्हणून हातून वाईट होत नाही असं थोडंच आहे!

सन एकोणनव्वदची गोष्ट. जळगावात मोतीलाल म्हणून एक गृहस्थ होते. वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान, आणि लिहिणाऱ्या माणसांचं भारी वेड. त्यांनी एक फिरती वही काढली होती. चांगली जाडजूड, पुठ्ठ्याची. ती आधी असोद्याला गुरुजींकडे यायची, मग जळगावला मोतीलालकडे, तिथून नरडाण्याला पितांबर कंपाउंडरकडे, मग धुळ्याला धनसिंग कारकुनाकडे आणि शेवटी साक्रीजवळच्या एका खेड्यात कुंदाबाईकडे. तिथून परत असोद्याला. प्रत्येकानं दोन दिवस ठेवायची, आपलं काही लिहायचं, दुसऱ्याच्या लिखाणाखाली मत द्यायचं आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती पुढे पाठवायची. यातल्या निम्म्या माणसांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. तोंड न पाहता माणसाशी बोलायचं म्हणजे जोखमीचं काम, हे मोतीलालना ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं:

‘आधी काय आवडलं ते सांगा. मग काय अडलं ते विचारा. लिखाणाबद्दल बोला, माणसाबद्दल बोलू नका. एकाने टपली मारली म्हणून दुसऱ्याने मारू नये. मत पेन्सिलीने लिहावे, म्हणजे ज्याचे लिखाण आहे त्याला नको असेल तर पुसता येईल.’

गुरुजींना हे सगळं पाठ होतं. नियम पाठ असणं आणि अंगी असणं यात असोदा ते साक्री एवढं अंतर असतं, हे त्यांना पुढे कळलं.

आदल्या फेरीत गुरुजींनी वहीत एक कथा लिहिली होती. आईच्या मरणावरची, चौदा पानी, महिनाभर खपून लिहिलेली. तिच्याखाली चौघांनी मिळून सहा ओळी लिहिल्या. मोतीलालांनी तर ‘चांगले आहे’ एवढ्यावरच भागवलं. आणि कुंदाबाईनं पाऊण पानात आपल्या शेतातल्या विहिरीबद्दल चार गोष्टी लिहिल्या होत्या, त्यावर सगळ्यांनी दोन पानं भरून कौतुक केलं. गुरुजींनीही केलं होतं. पण पोटात कुठेतरी दुखलं, आणि ते दुखणं त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

या फेरीत वही आली ती कुंदाबाईची गोष्ट घेऊन. एक म्हातारी दर आठवड्याला कोंबडी घेऊन साक्रीच्या बाजाराला जाते. गिऱ्हाईक आलं की दुप्पट भाव सांगते. कुणी तेवढाही द्यायला तयार झालं, की ‘ही खुडूक आहे, अंडी देत नाही’ म्हणून स्वतःच कोंबडीला नावं ठेवते. कोंबडी विकली तर बाजाराला यायला निमित्त उरणार नाही, आणि घरी तर तिच्याशी कुणी बोलत नाही. एवढीच गोष्ट. गुरुजींनी ती ओट्यावर बसून बायकोला, बेबाबाईंना, निम्मी वाचून दाखवली. पुढे आवाज नीट निघेना म्हणून ‘उरलेली नंतर’ म्हणत ते आत गेले आणि उरलेली एकट्यानं वाचली. दोनदा वाचली. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आणि मग या भल्या माणसानं काय करावं? खिशातला लाल पेन काढला आणि लिहिलं:

‘कथा उत्तम आहे. परंतु ती आपण स्वतः लिहिलेली वाटत नाही. कोणाकडून लिहून घेतली असल्यास त्यांचे नाव देणे उचित होईल. – जीवराम.’

बघा, आपण काय, उचित काय, सगळा आदर जागच्या जागी! शिवी दिली असती तर परवडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी वही जळगावच्या बसमध्ये चढली आणि गुरुजी हलक्या मनानं शाळेत गेले.

पाच दिवस बेबाबाई त्यांच्या मागे लागल्या होत्या. एरवी या बाईंना लिहिण्या-वाचण्याचं सोयरसुतक नसे. शनिवारी गुरुजी दुपारचे जेवत असताना त्यांनी पुन्हा विचारलं, “काहो, त्या म्हातारीनं कोंबडी इकली का मंग?”

“नाही विकली. घरी घेऊन गेली.”

“मले वाटलंच व्हतं.” बेबाबाईंनी ताटात भाकरी वाढली. “बाजाराले जायाले बाईले निमित्त लागते. हे पुरुषाच्या डोक्यात कुठून येईन! ज्या बाईनं लिव्हलं ना, तिनं सोता पायलं असीन.”

आपण जे लिहिलं ते खोटं आहे, हे गुरुजींना लिहितानाही ठाऊक होतं. पण अक्षरओळख जेमतेम असलेल्या बायकोनं ते सहज सांगितलं, तेव्हा त्यांना स्वतःची शरम वाटली. आणि मग दुसरी गोष्ट सुचली. सासरी नांदणारी बाई. खेडेगाव. ‘कोणाकडून लिहून घेतली’ हे तिच्या घरात कुणी वाचलं, तर पुढचा प्रश्न काय असेल? कोण तो लिहून देणारा?

हात धुऊन गुरुजी तडक जळगावला निघाले. वही कुंदाबाईच्या हाती पडायच्या आत गाठायची, एवढंच डोक्यात होतं.

मोतीलाल दुकानातच होते. गुरुजींना बघून त्यांनी नेहमीसारखा चहा सांगितला नाही.

“वही बुधवारीच पुढे गेली,” ते म्हणाले. “गुरुजी, पेन्सिल नव्हती का हो तुमच्याकडे? तुमच्या शाळेला मीच पुरवतो.”

“चुकलं माझं. पण तुम्ही वाचलंत, मग थांबवायची होती की वही.”

“थांबवायला हवी होती,” मोतीलाल म्हणाले. “मला वाटलं, गुरुजींसारखा माणूस लिहितो म्हणजे काही माहिती असेल. तुम्ही पहिले होता. पहिला बोलतो त्याच सुरात बाकीचे बोलतात. आमच्या दुकानापुढच्या भांडणातसुद्धा मी हेच बघतो.”

रविवारी पहाटेच्या पॅसेंजरनं गुरुजी नरडाण्याला उतरले. पितांबर कंपाउंडर पंचविशीतला उत्साही गडी. गुरुजी आपल्या घरी आले म्हणून त्याला आभाळ ठेंगणं झालं. वही शुक्रवारीच धुळ्याला गेली होती.

“तुम्ही बरोबर पकडलंत गुरुजी!” तो म्हणाला. “मला तर कळलंच नव्हतं, मी रडलो होतो वाचून. मग तुमचा शेरा पाहिला. मीपण खाली हाणली एक. ‘गोष्ट दुसऱ्याची, निदान कोंबडी तरी स्वतःची आहे का?’ असं लिहिलं.”

तो स्वतःच्या विनोदावर हसला आणि गुरुजी हसतील म्हणून वाट बघत राहिला. गुरुजींना त्याला झापावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं झापणार? ज्या रस्त्यानं पोरगं गेलं तो रस्ता यांनीच आखून दिला होता.

धुळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. धनसिंग कारकून बनियनवर दारात उभे होते. वही सकाळच्याच साक्री गाडीनं गेली होती. त्यांनी काय लिहिलं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं: ‘आमच्याकडेही एक लिहून देणारा पाठवा, कचेरीची टिपणं तुंबली आहेत.’ मग गुरुजींचा चेहरा बघून म्हणाले, “अहो, गंमत होती. बाई मनावर घेणार नाहीत.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“नाही. तुम्ही ओळखता ना?”

आपण त्या बाईला कधी पाहिलेलं नाही, तिचं वय ठाऊक नाही, घरी कोण आहे ठाऊक नाही, आणि तिच्या अब्रूवर लाल रेघ ओढून मोकळे झालो, हे गुरुजींना धनसिंगांच्या दारात उभं राहून लख्ख कळलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! साक्रीकडची त्या दिवशीची गाडी काही मिळाली नाही; रात्र स्टँडवर काढून गुरुजी सोमवारी सकाळच्या गाडीनं निघाले.

कुंदाबाईचं खेडं साक्रीपासून पायी अर्ध्या तासावर. घर सापडलं तेव्हा अंगणात तिचा नवरा पुना बैलांना पाणी दाखवत होता. जीवराम गुरुजी असोदेकर, असं सांगताच तो बादली टाकून पुढे आला आणि त्यानं गुरुजींच्या हातातली पिशवी घेतली. आत आवाज दिला. कुंदाबाई डोक्यावरचा पदर सावरत पाण्याचा तांब्या घेऊन आली. सत्तावीस-अठ्ठावीसची बारीक अंगाची बाई, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. गुरुजींच्या डोळ्यांपुढे इतके दिवस कुणी थोराड, धीट बाई होती. ही तर त्यांच्या धाकट्या बहिणीएवढी होती.

“वही काल सांजले उनी,” पुना म्हणाला. “मीच पहिले वाची. तुमनं लिखेल बी वाचं. मी हसत हसत इचारं हिले, कोन लिखी दिन्हं वं तुले? बठ्ठा हसनात. हाई बी हसनी.”

घरातले सगळे हसले, तीही हसली, हे तो खरंच गमतीनं सांगत होता. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि ते बघून गुरुजींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण कुंदाबाई खाली बघत होती.

“कुंदाताई, माझं चुकलं,” गुरुजी म्हणाले. “मी तेवढ्यासाठीच आलो.”

“तुमनं काय चुकनं? वाटनं ते लिखं तुमीन,” ती शांतपणे म्हणाली. “भाकर खाईसन जा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पहिल्या घासालाच गुरुजींना कळलं की भाजीत मीठ दुप्पट पडलंय. पण ज्या घरी आपण असं वागलो, त्या घरच्या अन्नाला काय बोलणार! त्यांनी भाजीची तारीफ केली आणि दोनदा मागून घेतली. हात धुतल्यावर त्यांनी मनाचा हिय्या केला.

“ताई, तुमची गोष्ट आजवर वहीत आलेल्या सगळ्या लिखाणात चांगली आहे. वाचताना मी रडलो. ती तुमचीच आहे हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही लिहीत राहा.”

कुंदाबाई ताट उचलता उचलता थांबली. पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“गुरुजी, भाजी खारी व्हयी गयी. मी आते चाखी. तरी तुमीन दोनदाव मांगी लिन्ही.” ती हसली, रागानं नाही. “पाव्हना भाजीले नाव ठेवत नही. तुमीन तुमना घर बठीसन जे लिखं, तेच खरं.”

“नाही हो, तसं नाही!” गुरुजींचा आवाज चढला. मग त्यांनी ते सांगितलं, जे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. “मी जळलो तुमच्यावर. माझ्या कथेला कुणी विचारलं नाही आणि तुमचं सगळ्यांना आवडलं. म्हणून लिहिलं मी तसं.”

कुंदाबाईनं पुनाकडे पाहिलं आणि दोघंही हसले. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला बरं वाटावं म्हणून स्वतःला केवढं लहान करून घ्यावं, असं काहीसं त्या हसण्यात होतं.

“तुमीन मनावर जळतस? मी सातवी शिकेल बाई शे,” ती म्हणाली. “तुमीन मोठा मनना शेतस गुरुजी. पन आते माले जमाव नही. काल रातले बठनू मी, घरधनी म्हनेत लिखी दाखाड, ते हात चालनाच नही.”

ती ताट घेऊन आत गेली. बाहेर आली ती वही घेऊन. एका फडक्यात नीट बांधलेली. आपली पाळी यापुढे धरू नका, मोतीलालभाऊंना सांगा, असं म्हणून तिनं ती गुरुजींच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. आयुष्यात शेकडो पोरांनी, पालकांनी त्यांना नमस्कार केले होते. एवढा जड नमस्कार कुणी केला नव्हता.

पुना त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन साक्रीच्या स्टँडवर सोडायला आला. गाडीला वेळ होता. दोघं लिंबाखाली उभे राहिले. पुना बराच वेळ सायकलच्या मुठीवरची धूळ पुसत होता.

“गुरुजी,” तो शेवटी म्हणाला, “ती लिखे ना, तवय घरमा बरं वाटे. सयपाक करता करता एकलीच हसे. मी इचारू ते सांगे, म्हातारी आज काय बोलनी ते. मी तसं इचारं, ती मनी बी चूक शे. माले समजनं नही.” त्यानं मान वर केली. “तुमीन मास्तर शेतस. रुसेल पोरगं परत शाळामा कसं आनानं ते तुमले मालूम शे. तिले परत लिखती कराले मी काय करू, तेवढं सांगी जा.”

तो खरोखर उत्तराची वाट बघत होता. सांगतील ते उद्यापासून करायला तयार होता. गुरुजींनी वीस वर्षांत न विचारता कितीतरी लोकांना कितीतरी सांगितलं होतं. धुळ्याची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी पुनाला सांगण्यासारखं त्यांना एक वाक्य सुचलं नाही.