मुंगीचा निवाडा

जाईबाईनं नवऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. एसटी चुकली म्हणून बाजीराव वाट तुडवत हिर्डोशीला, तिच्या माहेरी, आला होता, घशाला कोरड पडली होती, आणि ही ओसरीवर नाचणी पाखडत बसलेली. चोवीस वर्षांनी दारात आलाय, राहू दे उभा.

"कुंडलिकची दोनी मूत्रपिंडं गेली," तो म्हणाला. "माजं जुळत न्हाई. मुंबईचे डाक्टर म्हनत्यात, आईचं बघा."

"व्हय? आई हाय का त्याला?"

कुंडलिक तान्हा असताना हगवणीनं बेजार झाला, तेव्हा उत्रोलीच्या घरात सासूनं, अक्काबाईनं, जाईबाईचं दूध वाटीत पिळून घेतलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. दूध विषारी ठरलं, बाई अवदसा ठरली. पोर हिसकावून तिला माहेरी हाकललं आणि पोराला सांगितलं, आई टाकून गेली. हा मर्द तेव्हा शेजारीच उभा होता. तोंडातून ब्र काढला नाही.

"देते," जाईबाई म्हणाली. "पन आदी आत्याबाईंनी हितं यायचं. चालवत नसंल तर पाठीवर आना."

आणलं. गाव गोळा झालं. जाईबाईनं त्यांच्याच तांब्यातलं, उत्रोलीच्या विहिरीचं पाणी वाटीत ओतलं. "सोडा मुंगी, आत्याबाई."

म्हातारीनं चिमटीतली मुंगी वाटीत सोडली. मुंगी जरा तडफडली आणि गप झाली.

"आता तुमच्या हिरीला बी माहेरी धाडा," जाईबाई म्हणाली.

गाव पोट धरून हसलं. जाईबाईचं काळीज निवलं, पण निम्मंच.

मुंबईत तपासण्या जुळल्या. सोबत आलेल्या सासूसमोरच डॉक्टरांनी जाईबाईला विचारलं, "दूध पाजलं होतं का?"

"पाजलं की. हिसकावून नेईस्तोवर."

"छान. पोटात असताना, आणि दुधातूनही, लेकराच्या अंगाला आईची लवकर ओळख होते. मग आईचा अवयव ते फार परका मानत नसावं, असा काहींचा कयास आहे. खात्री नाही, औषधं लागतीलच. पण पाजलंत हे बरं झालं."

जाईबाईनं सासूकडे बोट केलं. "ह्यांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं सांगा."

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सांगितलं.

ऑपरेशन झालं. कुंडलिकच्या अंगानं ते मूत्रपिंड झिडकारलं नाही, लघवी सुरू झाली, तोंडावरची सूज उतरली. तोंड मात्र तिला अजून 'बाई'च म्हणत होतं, आणि ते जाईबाईला टाक्यांपेक्षा जास्त दुखत होतं.

भेटायला सगळे जमले असताना त्यानं विचारलंच, "बाई, मला टाकून का गेला तुमी?"

अक्काबाई घाईनं उठली, जाईबाईच्या पायाशी वाकली. जाईबाईनं पाय मागे घेतले.

"पाया नका पडू, आत्याबाई. बसा हितं. त्याला मुंगीचं सांगा, तुमच्या तोंडानं."

म्हातारीनं बाजीरावाकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. मग ती खाटेशी बसली आणि सांगू लागली.