काशम्माची दाढ आणि फटफटीचा जेट

चनमल्लप्पाच्या सासूबाई काशम्मा एस.टी.त बसत नसत. बसल्या की त्यांना मळमळायचं, आणि मळमळलं की त्या कंडक्टरशी भांडायच्या. बैलगाडी रेंगाळते म्हणून नको, आणि त्यांच्या मैंदर्गीला रेल्वे जात नाही. फटफटीवर मात्र त्या खुशाल बसत. साठी उलटलेली बाई, इरकली लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचून, दोन्ही पाय एका अंगाला सोडून, जावयाचा खांदा धरून ताठ बसली की अक्कलकोटच्या रस्त्यावरची माणसं हात जोडायची. कोणी मठातली अव्वा, म्हणजे माताजी, चालली असेल असं त्यांना वाटायचं. काशम्माही मान हलवून नमस्कार घ्यायच्या.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. चनमल्लप्पाचं सोलापुरात मंगळवार पेठेत पिठाच्या गिरण्यांना आणि पंपांना लागणाऱ्या पट्ट्यांचं दुकान होतं. लेकीकडे चार दिवस म्हणून आलेल्या काशम्मांना तो रविवारी मैंदर्गीला सोडणार होता. निघायच्या आधी गाडीचा कार्बोरेटर साफ करून घ्यावा असं त्याच्या मनात आलं. बायको, महानंदा, म्हणाली की दस्तगीर मिस्त्रीकडे द्या. चनमल्लप्पा म्हणाला की मी मशिनरीच्या धंद्यातला माणूस आहे.

कार्बोरेटरच्या पोटात जेट असतो. हरभऱ्याएवढा पितळी स्क्रू, मधोमध सुईएवढं भोक. त्यातूनच पेट्रोल इंजिनात जातं. चनमल्लप्पाने तो काढला, फुंकला, परत बसवला आणि ढिला राहायला नको म्हणून जोर लावून आवळला. जेटचं डोकं तुटून त्याच्या हातात आलं. धड आत राहिलं.

दस्तगीर मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला, टोच्या लावून पाहिला. खाच असलेलं डोकंच गेल्यामुळे पकडायला काही उरलं नव्हतं. त्याचा ड्रिल जेटपेक्षा जाड होता. शेवटी त्याने सांगितलं की अख्खा कार्बोरेटर पुण्याहून मागवावा लागेल, आणि पुण्याची माणसं सोलापूरच्या माणसाला कधी माल पाठवतील हे देवालाच माहीत.

म्हणून काशम्मा राहिल्या.

त्या नुसत्या राहिल्या असत्या तर चनमल्लप्पाचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांना रिकामं बसवत नसे. सकाळी घरातलं आवरलं की त्या दुकानात येऊन गादीवर बसायच्या. गिऱ्हाईक तुटका पट्टा घेऊन आलं की हातात घेऊन बघायच्या आणि सांगायच्या, "नवीन कशाला घेता? दोन टाके मारले की वरीसभर चालतंय की." गिऱ्हाईक खूश होऊन चांभाराकडे जायचं. चनमल्लप्पा सासूला बोलू शकत नव्हता. तो रोज दस्तगीरकडे जाऊन पुण्याची चौकशी करायचा.

त्यातच मैंदर्गीहून निरोप आला की काशम्मांच्या पुतण्याचं लग्न ठरतंय, येत्या सोमवारी निश्चय आहे, थोरली म्हणून तुम्हीच पाहिजे, तुमच्याशिवाय सुपारी फुटणार नाही. काशम्मांनी निरोप्याला सांगितलं, येते, गाडी झाली की येते. त्याच दुपारी शेंगांच्या चटणीबरोबर कडक भाकरी खाताना त्यांची दाढ मोडली. निम्मी बाहेर आली, निम्मी आत राहिली. संध्याकाळपर्यंत गाल लिंबाएवढा सुजला.

दुसऱ्या दिवशी चनमल्लप्पा त्यांना टांग्यात घालून नवी पेठेत दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथून पुढे एका लेथवाल्याला कार्बोरेटर दाखवायचा म्हणून तोही, धुवायला लागणाऱ्या पेट्रोलच्या बाटलीसकट, पिशवीत घेतला होता.

डॉक्टर गंगाधर निंबर्गीकर म्हणजे शांत, गोरापान माणूस. दात काढताना एकसारखं हळू आवाजात बोलायची त्यांना सवय होती. "झालंच बरं का, थोडी कळ काढा, शहाणं बाळ," असं ते फौजदारालासुद्धा म्हणत. त्यांच्या मदतीला म्हाळसाबाई नावाच्या बाई होत्या. बाहेरच्या बाकावर कोर्टातले कारकून शरणप्पा कवळीचं माप द्यायला बसले होते, पण गाल बघून त्यांनी काशम्मांना आधी जाऊ दिलं.

डॉक्टरांनी आत बघितलं आणि सांगितलं की मूळ आत राहिलंय, इंजेक्शन देऊन काढावं लागेल. काशम्मांनी तोंड मिटलं. डॉक्टरांनी समजावलं, म्हाळसाबाईंनी समजावलं, चनमल्लप्पाने हात जोडले. तोंड उघडेना. तेवढ्यात डॉक्टरांना पेट्रोलचा वास आला. त्यांनी विचारलं तेव्हा चनमल्लप्पाने ओशाळून कार्बोरेटर बाहेर काढला आणि काय झालं ते सांगितलं.

डॉक्टरांनी तो हातात घेतला, दिव्याखाली धरला, दात बघायचा छोटा आरसा आत घातला.

"हेही मूळच राहिलंय की," ते म्हणाले.

काशम्मांनी तोंड उघडलं, पण बोलण्यापुरतंच. "आदी त्याचं काढा. मी बगते. मग माजं."

चनमल्लप्पाला वाटलं डॉक्टर आता दोघांनाही हाकलून देतील. पण डॉक्टर साबणाने हात धुवायला लागले होते. पुढे त्यांनीच सांगितलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असा पेशंट आला होता ज्याने तंबाखू खाल्ली नव्हती.

काशम्मा उठून शेजारच्या स्टुलावर बसल्या. आता अडचण अशी की दिवा, पायाने फिरवायचं दातांचं यंत्र आणि डॉक्टरांचा हात, सगळं माणसाच्या तोंडाच्या उंचीला बसवलेलं. टेबलावर ठेवून डॉक्टरांना जमेना. तेव्हा चनमल्लप्पाला खुर्चीत बसवलं, गळ्यात फडकं बांधलं आणि कार्बोरेटर दोन्ही हातांनी हनुवटीपाशी धरायला सांगितला. शरणप्पांनी दारातून डोकावून विचारलं की मी तर आजीसाठी नंबर सोडला होता, या यंत्राला कोणत्या नियमाने आधी घेतलं. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत आहे तो पेशंट. शरणप्पांना हे कायद्याच्या दृष्टीने पटलं असावं, कारण ते बघायला आतच येऊन उभे राहिले.

आधी कार्बोरेटर रिकामा करून पुसून काढला आणि शेगडीवरच्या, हत्यारं उकळायच्या भांड्यात उकळला. तापलं की बाहेरचा धातू जास्त फुगतो, आतलं पितळ सुटायला बघतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हाळसाबाईंनी चिमट्याने तो काढून चनमल्लप्पाच्या हातात फडक्यात दिला. मग डॉक्टरांनी तांदळाच्या कणीएवढं टोक यंत्राला लावलं आणि पायाने चाक फिरवायला सुरुवात केली.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

चनमल्लप्पाने आ केला.

"तुम्ही नाही हो," डॉक्टर म्हणाले. पण पुढच्या प्रत्येक वेळी सवयीने ते "आ करा" म्हणत राहिले आणि सवय नसताना चनमल्लप्पाही आ करत राहिला. पितळेचा बारीक भुगा उडत होता. डॉक्टर कार्बोरेटरला म्हणत होते, थोडंच राहिलंय, कळ काढा, शहाणं बाळ. मोडक्या जेटच्या तोंडावर त्यांनी एक सरळ, सुबक खाच पाडली. मग यंत्र थांबवून एक चपटं हत्यार त्या खाचेत बसवलं आणि श्वास रोखून उलटं फिरवलं. जेट हलला नाही. चनमल्लप्पाच्या कपाळावर घाम आला. म्हाळसाबाईंनी तो टिपला. डॉक्टरांनी पुन्हा जोर लावला, आणि कर्र असा आवाज आला. हळूहळू, आटे सोडत सोडत, पितळी तुकडा बाहेर आला.

डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवला. "चूळ भरा," ते म्हणाले, आणि कोणी हसायच्या आत काशम्मा म्हणाल्या की आधी शेगडी विझवा. म्हाळसाबाईंनी शेगडी विझवली, चनमल्लप्पाने पिशवीतल्या बाटलीतलं थोडं पेट्रोल कार्बोरेटरमधून पिकदाणीत ओतलं.

आता काशम्मांना नाही म्हणता येईना. त्या खुर्चीत बसल्या, पदर सावरला. पण डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतल्याबरोबर त्यांनी जावयाच्या हातातल्या कार्बोरेटरकडे बोट केलं. "त्याला कुटं दिलं?"

डॉक्टरांनी सांगितलं की ते यंत्र आहे, त्याला दुखत नाही. काशम्मा म्हणाल्या की ते तुमाला काय म्हाईत, त्याला तोंड न्हाय म्हणून गप बसलं. डॉक्टरांनी दुसऱ्या सुईत साधं पाणी भरलं, चनमल्लप्पाने कार्बोरेटर पुढे केला, आणि डॉक्टरांनी त्याच्या एका भोकात ते सावकाश सोडलं. सोडताना ते म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." काशम्मांनी नीट बघून घेतलं आणि मग तोंड उघडलं. दाढेचं मूळ जेटपेक्षा लवकर निघालं.

निघताना डॉक्टरांनी सूचना दिल्या. आज गरम काही द्यायचं नाही, आज विश्रांती, उद्या सकाळी मी येऊन बघेन. या सूचना कोणासाठी आहेत हे चनमल्लप्पाला विचारायचं धैर्य झालं नाही. घरी येऊन त्याने कार्बोरेटर गाडीला न लावता ताटात ठेवून त्यावर फडकं झाकलं. महानंदाने कारण विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय. तिने आईला गार ताक दिलं आणि ताटाकडे एकदा बघून स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खरंच आले. दस्तगीरकडून आणलेला नवा जेट चनमल्लप्पाने त्यांच्या देखत, या वेळी दोनच बोटांनी आवळला आणि कार्बोरेटर गाडीला जोडला. बऱ्याच किका मारल्या, गाडी नुसतीच धापा टाकायची. डॉक्टर उंबऱ्यात उभे राहून अंगठ्याचं नख चावत होते. एकदम इंजिन सुरू झालं आणि एका लयीत चालू लागलं. डॉक्टर जवळ गेले, कान लावून ऐकलं, डोळे मिटले. म्हणाले, माझे पेशंट बरे झाल्यावर मला कधी असं सांगायला येत नाहीत. एवढं बोलून ते निघून गेले. काशम्मांचा गाल बघायचा राहूनच गेला, पण सूज उतरलेली होती.

सोमवारी मैंदर्गीला निश्चय थाटात झाला. सुपारी फोडून झाल्यावर काशम्मांनी कनवटीची कापसाची पुडी सोडली आणि मोडका जेट सगळ्यांना दाखवला. स्वतःची दाढ त्यांनी दवाखान्यातच टाकली होती. एकाच डॉक्टरने एकाच दिवशी दोघांना कसं मोकळं केलं, हे त्यांनी कन्नडमध्ये आणि मग नवऱ्या मुलीकडच्या सोलापूरच्या पाहुण्यांसाठी मराठीत सांगितलं. मुलीचा मामा, धोंडप्पा, फार लक्ष देऊन ऐकत होता. त्याच्या विहिरीवरच्या इंजिनाचा एक बोल्ट दोन वर्षांपासून आत तुटून बसला होता. हे डॉक्टर खेड्यात येऊन बघतात का, असं त्याने विचारलं. चनमल्लप्पाने गव्हाच्या गोड हुग्गीचा मोठा घास तोंडात भरला. काशम्मांनीच उत्तर दिलं.

"इंजिन उचलून तितं न्यावं लागतंय. आनि न्हाऊ घालून न्या."

उन्हं कलल्यावर चनमल्लप्पा निघाला. काशम्मा घरातून विभूती घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती जावयाच्या कपाळाला लावली, मग वाकून कार्बोरेटरला लावली, आणि हळूच म्हणाल्या, "हुषारागि होग्री." जपून जा. हे त्या कोणाला म्हणाल्या, ते त्याला कळलं नाही. त्याने किक मारली, गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली.

मागची सीट रिकामी होती आणि रस्ता मोकळा होता. तरी अक्कलकोट येईपर्यंत त्याने गाडी काही जोरात सोडली नाही.