दारोगाचे शेजारी

"हा बी गेला, सर."

प्रयोगशाळेतल्या मदतनीस सिंधूताईनं जाळीत उचललेला मासा भोयर सरांपुढे धरला. शेपटीच्या जागी नुसत्या झिरमिळ्या उरल्या होत्या. पंधरा दिवसांतला हा पाचवा.

भोयर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. नागपुरातल्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे ते प्रमुख. माशांच्या जबड्यांवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले. मासा मेलेला असला की त्यांच्याइतका जाणकार अख्ख्या विदर्भात सापडला नसता. जिवंत माशाशी मात्र त्यांची ओळख या चौऱ्याहत्तर सालातच झाली होती आणि ती काही जमायचं लक्षण दिसत नव्हतं.

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी लोखंडी चौकटीची सहा फुटी काचेची टाकी होती. तिच्यात कलकत्त्याहून हावडा मेलनं आलेले दोन जॅक डेम्प्सी होते. हे सिक्लिड कुळातले मासे, मूळचे पार मध्य अमेरिकेतले. तळहाताएवढे, काळसर अंगाचे, आणि त्या अंगावर निळ्या ठिपक्यांची अशी चमक की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. त्यातल्या थोराड नराचं नाव सिंधूताईनं 'दारोगा' ठेवलं होतं. दिवसभर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायचा आणि समोर येईल त्याला हाणायचा. दुसरी होती मादी. तिलाही त्यानं इतकं पिटाळलं होतं की शेवटी मध्ये काच घालून तिला वेगळी ठेवावी लागली.

"महिन्याभरात विज्ञान प्रदर्शन आहे," सर म्हणाले. "प्राचार्यांना टाकी भरलेली पाहिजे. आता आणखी एक जरी मेला, तर हा दारोगा फॉर्मलिनमध्ये जाईल. एक मोठी बरणी काढून ठेवा, सिंधूताई."

सिंधूताईनं टाकीकडे पाहिलं. बरणी काढणं हे काही तिला नवं नव्हतं. एकोणीस वर्षं ती तेच करत आली होती. बेडूक ट्रेमधल्या मेणावर टाचायचे, साप बरण्यांत उतरवायचे, झाकणं बसवायची, लेबलं चिकटवायची. हजारो जीव तिच्या हाताखालून गेले, पण एकानंही कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. दारोगा पाहायचा. सकाळी ती कुलूप काढून आत आली की तो काचेशी यायचा, एक डोळा तिच्यावर रोखायचा आणि ती झाडू मारत जाईल तिकडे टाकीच्या कडेनं तिच्यासोबत चालायचा. पहिल्या दिवशी तर ती चक्क घाबरली होती. मग म्हणाली, "काहून गा, काय पाहून राहिला?" तेव्हापासून दोघांचं बोलणं सुरू झालं, म्हणजे बोलायची ती एकटीच.

त्या दिवशी बरणी काढायला तिनं कपाट उघडलं आणि तिथंच थबकली. कपाटात बरण्या सरांनी लावून दिलेल्या क्रमानं होत्या. एका कुळातले मासे एका फळीवर, सख्खे शेजारी शेजारी, चुलत जरा पलीकडे. बरण्यांत सगळे कसे गुण्यागोविंदानं नांदत होते. सरांनी टाकीही अशीच लावली होती! दारोगाला सोबत म्हणून पुस्तकात पाहून त्याच्याच कुळातले पाच मासे मागवले होते. कोणी पट्टेवाला, कोणी लाल गळ्याचा, पण अंगलट सगळ्यांची एकच.

बरणी तशीच ठेवून ती सरांच्या टेबलाशी आली.

"सर, एक बोलू का?"

"बोला."

"तुमी त्याले त्याचेच भाऊबंद आणून देऊन राहिले. वावराच्या धुऱ्यावरून भांडन नाही होईल तं काय होईल? जो त्याच्यासारखा दिसते, त्यालेच तो हाणते. त्याले वाटते, हा माहा वाटा मागाले आला."

सर हसायच्या बेतात होते, पण हसले नाहीत. बुटीबोरीकडच्या खेड्यातली ही बाई. भाऊबंदकी तिनं पुस्तकात वाचलेली नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मग कोण आणायचं?"

"ज्याचं त्याच्याशी काही घेणंदेणं नाही असा. दिसाले अलग, राहाले अलग. अन् त्याच्या तोंडात मावला नाही पाह्यजे."

"करा बुवा," सर म्हणाले. "माझं पुस्तक तर संपलं."

फुटाळा तलावावर बळीराम ढीवर जाळं वाळत घालत होता. जिवंत मासा पाहिजे आणि तोही खायला नाही, हे ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"मंग काय पुजा करतं का वं त्याची?"

"एका दांडग्याच्या शेजारी राहाले पाह्यजे."

"असं म्हण ना!" बळीराम एकदम रंगात आला. त्यानं टोपलीखालच्या हंड्यातून दोन शिंगटे काढले. लांब मिशा, पाठीवर काटा. "हे तळाले पडून राहतात. दिवसा बिळातून निघत नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण कोनी दाबाले गेला तं काटा असा लागते का पुन्हा नाव नाही काढणार. अन् वरती हे घेऊन जा." त्यानं पाण्याच्या वरच्या अंगानं पळणारे वीतभर लांबीचे सहा चंदेरी मासे दाखवले. "हे त्याच्या हाती लागतच नाहीत."

रोगराई आत जायला नको म्हणून पाहुण्यांना आठ दिवस हलक्या मीठपाण्याच्या टबात ठेवून सिंधूताईनं टाकीला हात घातला. आतले सगळे दगड, सगळी मडकी तिनं उचलली आणि जागा बदलून मांडली. मधली काचही काढली.

"हे काय करता?" सरांनी विचारलं.

"नवा बैल आणला का जुन्याचाबी खुंटा बदला लागते, सर. नाही तं जुना म्हनते, गोठा माहा."

मग तिनं सगळ्या पाहुण्यांना एकदमच पाण्यात सोडलं आणि टाकीवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी चादर काढली तेव्हा दारोगा गोंधळलेल्या पाहुण्यासारखा दगड हुंगत फिरत होता. भांडायला आधी स्वतःचं घर लागतं, आणि ते त्याला अजून सापडलं नव्हतं. शिंगटे मडक्यात शिरले होते, चंदेरी मासे वर धावत होते. दारोगानं दोनदा त्यांचा पाठलाग केला, ते हाती लागेनात, तेव्हा तो मुकाट परत फिरला. आणि चौथ्या दिवशी सिंधूताईनं पाहिलं, ज्या मादीला तो जीव जाईस्तोवर मारत होता, तिच्याच अंगाला अंग लावून तो उभा होता. दोघांची तोंडं नव्या शेजाऱ्यांच्या दिशेला.

तीन आठवडे कोणी मेलं नाही. प्रदर्शनाला दोन दिवस राहिले असताना, शनिवारी सकाळी, सर टाकीपाशी ओरडले. दारोगा काळाकुट्ट झाला होता. सगळे शेजारी त्यानं एका कोपऱ्यात कोंबले होते आणि एका शिंगट्याचा पंख फाटला होता.

"झालं! पुन्हा सुरू. बरणी आणा." सरांनी जाळी उचलून पाण्यात घातलीसुद्धा.

"थांबा, सर!"

एकोणीस वर्षांत तिनं सरांना थांबा म्हटलं नव्हतं. सरांचा हात जागीच राहिला.

"खाली पहा. मडक्याजवळ."

वाळूवर धुरळ्यासारखं काहीतरी हलत होतं. सर वाकले, मग सरळ गुडघ्यांवर बसले. शेकडो पिल्लं होती, खसखशीएवढे डोळे असलेली. मादी त्यांच्यावर पंख हलवत होती आणि दारोगा पुढं पहाऱ्यावर. एक पिल्लू भरकटून शिंगट्याच्या दिशेनं गेलं, तोच दारोगा झेपावला आणि त्यानं ते तोंडात घेतलं.

"खाल्लं!" सर म्हणाले.

"नाही, सर. पहा तं."

दारोगा वळला, मडक्याशी आला आणि त्यानं पिल्लू अलगद त्याच्या भावंडांत सोडून दिलं. त्याच जबड्यानं पाच मासे फाडले होते. त्याच जबड्यावर सरांनी दोनशे पानं लिहिली होती. सरांच्या हातातली जाळी तिरकी होऊन पाणी त्यांच्या पँटीवर गळत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"मला हे माहीत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "सिंधूताई, मला हे खरंच माहीत नव्हतं."

सिंधूताईचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

"मालक गेले तवा माही पुष्पलता दोन वर्साची होती, सर. दिरांनी दोघीले घराबाहेर काढलं. सारं गाव पाहून राह्यलं होतं. आमच्यापुढं असं कोनी उभं नाही राह्यलं." ती टाकीकडेच पाहत होती. "मले वाटे, हे असं राहतच नाही दुनियेत. राहते, सर."

घंटा झाली. जिन्यावर पोरांचे बूट वाजले आणि बी.एस्सी.चा पहिला घोळका दाराशी येऊन ढकलाढकली करू लागला. सर उठले, जाळी टेबलावर ठेवून दारापाशी गेले आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

"आज प्रॅक्टिकल नाही. आत कोणीही यायचं नाही."

"काहून, सर? काय झालं?"

"सांगितलं ना, नाही."

मागं सिंधूताईनं एक स्टूल टाकीजवळ ओढलं, पदरानं पुसलं आणि ती त्यावर बसली. इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती.