दिगंबररावांचा गुडघा

"अहो, पाय ओढत चढा जरा. वर रजनीताई उभ्या आहेत," जिन्यात प्रेमलताबाई पुटपुटल्या आणि त्यांनी नवऱ्याचा कोपर धरला.

मागच्या वेळी कुठला ओढला होता, ते दिगंबररावांना आठवेना.

"डावा, डावा."

त्यांनी निमूटपणे डावा पाय ओढला.

खरं तर गुडघा ठणठणीत होता. दोन वर्षांपूर्वी बिघडलं होतं ते वेगळंच. एके संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते बराकपूरच्या फलाटावर बसले आणि सियालदाच्या सहा गाड्या त्यांनी एकामागून एक जाऊ दिल्या. घरी कशासाठी जायचं, हेच त्यांना सुचेना. शेवटी प्रेमलताबाई बालीगंजहून तिथवर गेल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. पुढचे तीन महिने ते अंथरुणातून उठले नाहीत. मग मनाचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि हळूहळू माणूस ऑफिसला जाऊ लागला.

पण कलकत्त्यात आपली मराठी घरं ती किती, आणि एकाला शिंक आली की दुसऱ्याकडे आल्याचा काढा उकळतो. चौकशीचे फोन सुरू झाले तेव्हा प्रेमलताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा हो त्यांचा." झालं! घरात निर्गुंडीच्या तेलाच्या सात बाटल्या जमल्या, मेथीचे लाडू आले, कुणाच्या तरी कैलासवासी सासऱ्यांची काठीसुद्धा आली. त्या काठीची दिगंबररावांना मनापासून चीड होती. तरी ते ती वागवत, कारण रजनीताईंच्या सौरभशी आभाचं, त्यांच्या लेकीचं, जमत आलं होतं. येत्या रविवारी रजनीताई बोलणी करायला घरी येणार होत्या.

वर मंडळाच्या हॉलमध्ये पाडव्याची पंगत बसली होती. "बोशुन दादा," म्हणत दरवानाने नेहमीप्रमाणे खुर्ची पुढे केली.

खुर्चीच्या पायाशीच हर्षद मांडी घालून बसला होता. न्यू टाउनमधल्या कंपनीतला हसरा, बडबड्या पोरगा. आज त्याच्या सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं आणि तो श्रीखंडात बोटाने रेघा ओढत होता.

"ॲसिडिटी आहे त्याला," त्याची बायको स्मिता वाढता वाढता सगळ्यांना सांगत होती. "जेवणच जात नाही."

"कोकम दे गं त्याला," रजनीताई म्हणाल्या.

दिगंबरराव खाली वाकले. "झोप लागते का रे?"

"तीनला जाग येते, काका."

"आणि मग पंख्याकडे बघत पडायचं."

हर्षदने चमकून वर पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "काल घरची बस घेतलीच नाही मी. थांब्यावर उभा होतो. किती वेळ, ते आठवत नाही."

उद्या फोन करू, सावकाश सांगू, असं दिगंबररावांना क्षणभर वाटलं. पण उद्या हा फोन उचलेल? त्यांनी स्वतः तेव्हा कुणाचा उचलला होता? आणि गुडघेदुखीवाल्या काकांचं या बाबतीत पोरगं ऐकेल तरी का? आभाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्चीवरून उठले आणि हर्षदच्या शेजारी जमिनीवर सरळ मांडी घालून बसले.

"अहो दिगंबरराव, गुडघा!" रजनीताई ओरडल्या. सगळी पंगत वळून बघू लागली.

"गुडघ्याला काही झालेलं नाही, रजनीताई. कधीच नव्हतं. मला डिप्रेशन आलं होतं. अजून गोळ्या घेतो."

कुणाच्या तरी हातातली पळी ताटावर आपटली.

मग दिगंबरराव फक्त हर्षदला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मंगळवारी मला डॉक्टरांकडे जायचंय. तू बरोबर चल. घरी येऊन घेऊन जातो तुला. आणि तोवर स्मिताला सगळं सांग. एकटा राहू नकोस."

हर्षदने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

प्रेमलताबाई श्रीखंडाचं पातेलं घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाला खिळून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. मग त्या चालत आल्या, नवऱ्यासमोर ताट मांडलं आणि श्रीखंड वाढलं.

"हात धुतलेत का?" एवढंच विचारलं.

निघताना रजनीताई दारात सगळ्यांना प्रसादाच्या पुड्या देत होत्या. प्रेमलताबाईंच्या हातावरही त्यांनी पुडी ठेवली. "सांभाळून जा हं," म्हणाल्या. प्रेमलताबाई तिथेच जरा घुटमळल्या. रजनीताई मागच्या बाईंकडे वळल्या. रविवारचा विषय निघाला नाही.

जिन्यात दिगंबरराव म्हणाले, "काठी वरच राहिली."

"राहू दे."

दोन पायऱ्या उतरल्यावर प्रेमलताबाईंनी पदराने डोळे टिपले आणि नेहमीसारखा त्यांचा कोपर धरला.

"अगं, आता कशाला? कोण बघतंय?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या आणि कोपर तसाच धरून त्यांच्याबरोबर एकेक पायरी उतरू लागल्या.