हळद लावलेला कोरा जोड

मी बूट बोलतोय. जोडीतला उजवा. डावा शेजारीच बसलाय, पण तो पहिल्यापासून घुमा, म्हणून दोघांचं मलाच सांगावं लागतं.

माझा रंग पोपटी. इतका पोपटी की गल्लीतली गाय एकदा पाला समजून मला चाटून गेली. तंजावरच्या राजवाड्यामागं मराठी माणसांच्या जुन्या गल्ल्या आहेत. त्यातल्या एका घराच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, माझं ठाणं. आत नाही. कितीही महागाचा असला तरी जोडा उंबऱ्याच्या आत येत नाही. पायातली वहाण पायीच बरी, असं या घरची मालकीण अंबाबाई म्हणते. उंबरा मी ओलांडला नाही हे खरं, पण आत जे झालं ते माझ्यापायी झालं.

जन्माचं फारसं आठवत नाही. गोंदाचा वास, कुण्या बाईची चपळ बोटं आणि मग खोक्यातला अंधार. डोळे उघडले ते दुकानात. समोर एक उंच, वाकलेला म्हातारा, पायात साध्या चपला, हातात लोकरीचा दोरा आणि दोऱ्याला गाठ. हे बाळकृष्णराव. बसडेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा सुटली ते लिहिण्यात जन्म गेला. मुलगी जेवून झोपली असताना तिच्या पावलाचं माप त्यांनी दोऱ्यावर घेतलं होतं.

दुकानदार म्हणाला, साहेब, पळायचा बूट एक नंबर मोठा घ्या, पळताना पाय सुजतो. म्हाताऱ्याला वाटलं, हा न खपणारा माल गळ्यात मारतोय. मुलीचे आधीचे बूटही एक नंबर मोठेच होते, तेव्हाही तिला कुणीतरी फसवलं असणार.

"सैल बूट आणि सैल नट सारखेच," ते म्हणाले. "सैल नटाची बस आमच्या डेपोतनं कधी बाहेर पडली नाही."

दोरा त्यांनी माझ्यात घातला. गाठ पुढं टेकली, टोक मागं टेकलं. म्हातारा खूश. रंगही त्यांनीच निवडला. वीस हजार माणसांत पोरीला ओळखायचं कसं? पायांवरनं ओळखीन, म्हणाले.

जन्मभर चपला घातलेल्या माणसाला बुटाचं काय कळणार? पण वेळेचं कळत होतं. त्यांची मुलगी लक्ष्मीप्रिया, चोविशीची. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी असायची आणि दिवस उजाडायच्या आत ओरत्तनाडुच्या रस्त्याला पळायची. मागं मोपेडवर बाळकृष्णराव, तिचे अप्पा, गळ्यात डेपोचं घड्याळ. मार्गळी या थंडीच्या महिन्यात बायका दारोदार कोलम, म्हणजे रांगोळी, घालत बसलेल्या असायच्या. त्या पांढऱ्या रेघांना धक्का न लावता ती गल्लीतनं निघायची. बायका म्हणायच्या, बाळकृष्णरावांनी मुलीला पण टायमावर सोडलंय.

हे पळणं मी पाहिलेलं नाही. मला सांगितलं ते थोरल्या जोडीनं. थोरली म्हणजे प्रियाचे जुने बूट. कड फाटलेली, टाच दोनदा चांभाराकडं शिवलेली, रंग कुठला होता ते देवाला ठाऊक. पण प्रियाचं पाऊल त्यांच्यात असं बसायचं, जसं पोटचं पोर मांडीवर बसतं.

आता गोष्ट कशाची होती ते ऐका. चेन्नईला सुब्रमण्यम म्हणून एक सर होते. त्यांच्याकडं पळणाऱ्या मुलींची तुकडी होती. राहणं, खाणं, शिकवणं सगळं तिथं. त्या तुकडीत जायचं तर चेन्नईच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये बेचाळीस किलोमीटर तीन तास वीस मिनिटांत पुरं करायचं. सर फोनवर म्हणाले होते, वीस म्हणजे वीस, एकवीस नको. आणि पंचविशी उलटलेली मुलगी ते घेत नसत. येत्या मार्चमध्ये प्रियाला पंचवीस पुरी होणार होती. शर्यत वर्षातनं एकदाच, जानेवारीत, म्हणजे हीच एक खेप. नाहीतर ते झेरॉक्सचं यंत्र आणि त्याचा हिरवा उजेड, जन्मभर.

शर्यतीला चार दिवस उरले तेव्हा अप्पांनी खोकं उघडलं. हळद कालवली, आणि नव्या कापडाच्या कोपऱ्याला लावतात तसं बोट माझ्या जिभेला लावलं, मग डाव्याच्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. प्रियानं मला हातात घेतलं, अंगठ्यानं टोक दाबून पाहिलं. तिच्या कपाळावर बारीक आठी आली. मी पाहिली, त्यांनी नाही.

"अप्पा, हे मी शर्यत झाल्यावर घालीन. सर म्हणतात, त्या दिवशी अंगावर नवं काही नको."

"तुझे सर लग्नाला जुनी वेष्टी नेसून गेले होते काय?"

अंबाबाई हसली, शेजारची राजम हसली, प्रियाही हसली. थोरली जोडी हसली नाही. मला हळूच म्हणाली, "कोरं लग्नाला, पळायला मळलेलं. तू चावणार रे बाळा. तुझा दोष नाही, पण चावणार."

प्रिया शहाणी होती. तिनं थोरलीला कागदात गुंडाळलं आणि बॅगेच्या तळाशी घातलं. मला वर ठेवलं, अप्पांना दिसायला.

चेन्नईला लॉजच्या खोलीत तिनं बॅग उपसली. तळाशी चिंचेच्या भाताचा डबा होता. कागद नाही, थोरली नाही. अप्पा खुर्चीत बसून घड्याळाला किल्ली देत होते.

"मीच काढून ठेवले," ते म्हणाले. "फाटकं घेऊन कुणी शुभकार्याला जातं?"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. प्रियानं डब्याचं झाकण घट्ट केलं. तिच्या तोंडात काय काय आलं असेल. बाहेर आलं ते एवढंच:

"बरं, अप्पा."

मग दुपारभर ती मला घालून लॉजच्या गच्चीवर चालली. माझ्या टाचेला खोबरेल लावलं, मला वाकवलं, मुडपलं, पातळ मोजे घालून पाहिलं. मी मऊ व्हायचा जीव तोडून प्रयत्न केला. पण कोऱ्याचा ताठा एका दुपारीत जात नाही.

पहाटे चारला शर्यत सुटली. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढं पाहणारही नाही. वीस हजार माणसं, म्हणजे चाळीस हजार आम्ही. रंगीबेरंगी, मळके, फाटके, दोऱ्यांनी बांधलेले. एक म्हातारा वेष्टी गुडघ्यावर खोचून अनवाणी पळत होता, आणि मला त्याच्या पावलांचा हेवा वाटला. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी शेजाऱ्याला विचारत होतं, कितवी वेळ. रस्त्याच्या कडेला ढोल वाजत होते. अनोळखी बाया केळी सोलून हातात देत होत्या. मुलं तळहात पुढं करून उभी, पळणाऱ्यांनी टाळी द्यावी म्हणून. पाण्याचे कागदी पेले माझ्याखाली चुरडत होते.

प्रिया सुरेख पळत होती. श्वास मोजून, खांदे सैल. बाराव्या किलोमीटरला माझी टाच तिच्या टाचेला घासायला लागली. मी म्हणालो, नको. मी कुणाशी बोलत होतो? मी बूट. जसं शिवलंय तसंच वागणार.

एकविसाव्याला ती वेळेच्या पुढं होती, तासावर अडतीस मिनिटं. तिचा पाय मात्र सुजून माझ्यात मावेना. चोविसाव्याला टाचेचा फोड फुटला. ओलं, ऊन ऊन काहीतरी माझ्या आत पसरलं. मला वाटलं, तिनं पाणी ओतलं. अंगठ्याचं नख माझ्या टोकावर आपटत होतं, प्रत्येक पावलाला, टक, टक, जसं बंद दारावर कुणी ठोठावावं. तिसाव्याला तिचं पळणं लंगडं झालं. एक पोरगा शेजारनं जाताना म्हणाला, अक्का, थोडंच राहिलंय. थोडं म्हणजे बारा किलोमीटर.

चौतिसाव्याला ती दुभाजकावर बसली आणि आम्हाला काढलं. मला वाटलं, सुटली बिचारी, आता टाकेल. तिनं टाकलं नाही. दोघांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, आम्हाला हातात धरलं आणि मोज्यांवर पळत सुटली.

तर मी असा तिच्या हातात लोंबकळत गेलो, आणि तिचे पाय माझ्यावाचून पुढं गेले. बूट असून मी पायांना वरनं पाहिलं. मोजे आधी फाटले, मग लाल झाले. डांबर खडबडीत होतं, उजाडलं होतं, समुद्रावरनं वारा येत होता. आणि ती वेग धरत होती. माझ्याविना ती पुन्हा ओरत्तनाडुच्या रस्त्यावरची प्रिया झाली होती. तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडं ती बघायची आणि ओठ चावायची. होत होतं. जेमतेम, पण होत होतं.

शेवटचे तीनशे मीटर राहिले. तीन तास अठरा मिनिटं आणि वर काही सेकंद. तिथं रस्ता वळतो, आणि वळणापलीकडं कठड्याला धरून अप्पा उभे होते. चवड्यांवर उंच होऊन, हातात डेपोचं घड्याळ. ते चेहऱ्यांकडं बघत नव्हते. खाली वाकून पावलं बघत होते, एकेक. पोपटी शोधत होते.

प्रिया थांबली.

पाण्याच्या एका टेंपोच्या आडोशाला बसली. नाड्या सोडताना गाठ सुटेना, तिनं दातांनी सोडवली. पाय आत जाईना. तिनं ढकलला. तिच्या तोंडातनं जो आवाज आला तो मी कुणाला सांगणार नाही. मग डावा. मग उठली.

वळणावर अप्पांनी आम्हाला पाहिलं आणि पोरासारखा हात हलवला. "तीच! तीच ती, आमची!" शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून ते सांगत होते.

तीन तास बावीस.

थांबली नसती तर वीसच्या आत आली असती का? कुणी सांगावं. लंगडत तीनशे मीटर म्हणजे कमी नव्हेत. पण ती थांबली होती, हे टेंपोला ठाऊक आहे आणि मला.

सुब्रमण्यम सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद पाहिला, तिच्याकडं पाहिलं, चांगली पळतेस म्हणाले, आणि पुढच्या मुलीचं नाव वाचलं. अप्पा मध्ये पडले. दोन मिनिटं लेट म्हणजे आमच्या डेपोत लेट धरत नसत, म्हणाले. सरांनी हात जोडले.

कठड्यापाशी तिच्या गळ्यात पदक होतं आणि अप्पांच्या हातात नारळपाणी.

"काय झालं बाळ? तीस किलोमीटर तर तू दोन तास अठराला मारत होतीस."

"पोटरीत गोळा आला, अप्पा."

"आणि बूट?"

तिनं खाली माझ्याकडं पाहिलं.

"मऊ," ती म्हणाली. "लोण्यासारखे."

मोजे तिनं चेन्नईतच टाकून दिले. घरी आल्यावर थंडीचं निमित्त करून पावलं झाकून वावरली. अंबाबाईला कळलं. आयांना कळतं. मागच्या अंगणात बसवून तिनं मुलीच्या टाचांना हळद भरली, आणि अप्पा यायच्या आत वाटी धुऊन ठेवली.

चार दिवसांनी भोगी आली. भोगीला इथं घरातलं जुनंपानं दारात जाळतात, नव्याला जागा व्हावी म्हणून. प्रिया दुकानात होती. अप्पांनी फाटकी चटई, मोडकं सूप आणि थोरली जोडी आगीत घातली. जुनं जवळ राहिलं म्हणून अपशकुन झाला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. थोरलीचं रबर बराच वेळ धुमसत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. संध्याकाळी प्रिया आली, राखेत लोखंडाच्या दोन-चार कड्या दिसल्या, नाड्या ओवायच्या. तिनं त्या पायानं राखेत ढकलल्या आणि आत गेली.

त्यानंतर ती पळाली नाही. पावलांच्या जखमा भरल्या, नख नवं आलं. पहाटे मोपेड निघेना. अप्पा दर शुक्रवारी मला वरनं ओल्या फडक्यानं पुसायचे, आणि बोलायचं नाही नाही म्हणता विचारायचे, उद्या जाऊ या का? ती म्हणायची, बघू.

असे नऊ महिने गेले आणि आयुधपूजा आली. त्या दिवशी इथं ज्याचं जे हत्यार त्याला चंदन-कुंकू लावून देवापुढं मांडतात. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ते एकदा तरी चालवायचं. वर्षातनं त्या एका दिवशी मलासुद्धा उंबऱ्याच्या आत जागा होती. अप्पांनी ठरवलं होतं: मी देवापुढं बसणार, दुसऱ्या दिवशी प्रिया मला घालून निदान गल्लीच्या टोकापर्यंत जाणार, आणि एकदा गेली की पुढचं आपोआप होणार.

म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला नीट धुवायला घेतलं. माझा आतला तळ वरनं काळा. त्यांनी तो उपसून काढला आणि उलटा केला.

खालची बाजू पांढरी होती. तिथं एक पाऊल उमटलं होतं. तपकिरी, वाळलेलं. टाचेशी गडद, अंगठ्याशी गडद.

अप्पा बसले. मग त्यांनी घड्याळाच्या पट्ट्याला गुंडाळलेला तो लोकरीचा दोरा सोडला. अजून जपून ठेवला होता. तळावर ठेवला. गाठ पुढं टेकली, टोक मागं टेकलं. कुठं तांदळाएवढीही जागा नव्हती. त्यांनी दोरा उचलला, पुन्हा ठेवला. तीनदा ठेवला. मोजण्यात हा माणूस कधी चुकलेला नव्हता.

मग ते मला नळाखाली धरून घासत राहिले. डाग गेला नाही.

पूजेच्या दिवशी देवापुढं डेपोचं घड्याळ होतं, अंबाबाईची विळी होती, मोपेडची किल्ली होती. मी नव्हतो. प्रियानं पाहिलं.

"अप्पा, बूट?"

ते वाती वळत होते. मान वर केली नाही.

"ओले आहेत," म्हणाले.

तिनं त्यांच्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाली, "बरं, अप्पा," आणि कुंकवाची वाटी पुढं सरकवली.

तेव्हापासून मी ओलाच आहे. ऊन पडलं तरी ओला, वारा सुटला तरी ओला. शुक्रवारचं पुसणं थांबलं. उद्या जाऊ या का, हेही थांबलं. तो आतला तळ त्यांनी परत बसवला नाही, कुठं ठेवला मला माहीत नाही. पुन्हा भोगी येईल. थोरलीसारखं मलाही जाळावं, म्हणजे या घराला तो रंग तरी रोज दिसणार नाही, एवढंच माझं मागणं होतं. पण ते मला जाळणार नाहीत. जाळायला हातात घ्यावं लागतं.

तुम्ही कधी तंजावरला आलात आणि राजवाडा बघून मागच्या गल्लीत शिरलात, तर एका तिण्णैवर पोपटी बुटांचा जोड दिसेल. शेजारी एक म्हातारा बसलेला असेल. बुटांचं विचारू नका. लोक विचारतात, तुमची मुलगी पळायची ना, काय झालं? तेव्हा तो घड्याळ काढतो, काच पुसतो आणि सांगतो, पोटरीत गोळा आला होता.

दाराआड ती ऐकत असते. तुम्ही फक्त होय म्हणा, आणि पुढं चला.