धाकलूचा टाक

विपुलने जीपच्या मागच्या सीटखाली पहार सरकवली. मी विचारलं, ही कशाला.

“डोळखांबचा रस्ता लय खराब आहे सर,” तो म्हणाला. स्टिअरिंगवरचा मनोज हसला.

मी शहापुरात हायस्कूलचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालो. क्रिकेटमधलं मला फारसं कळत नाही. कळतं ते कागदातलं, तेही थोडं. नव्वदच्या आसपास ‘गुलगुल’ नावाच्या च्युइंगमच्या पुडीत खेळाडूंची कार्डं यायची. मुलं ती पुस्तकात खूण म्हणून ठेवायची आणि विसरायची. न्यायला कुणी आलं नाही की मी ती डब्यात टाकायचो. असा माझा संग्रह झाला, म्हणजे त्याला संग्रह म्हणावं की नाही तेही मला सांगता येणार नाही. ही कार्डं लाखांनी छापली गेली, त्यामुळे आज त्यांना कुणी विचारत नाही. अपवाद फक्त सलील वर्तकचा. पुढे तो मोठा गोलंदाज झाला, पण त्या वर्षी तो नवखा पोरगा होता आणि ते त्याचं पहिलंच कार्ड. तेही लाखांनीच छापलं असणार. मात्र आमच्याकडची पोरं कार्ड जमिनीवर उपडं ठेवून शेजारी तळहाताचा फटका मारायची, आणि ज्याच्या फटक्याने कार्ड उलटेल त्याचं ते व्हायचं. त्या फटक्यांत साऱ्या कार्डांचे कोपरे गेले. कोरे कोपरे असलेला वर्तक कुणाकडे उरला नाही, आणि शौकिनांना नेमका तोच हवा असतो.

विपुलकडे त्या वर्षाची बाकी सगळी कार्डं होती. शहापुरात त्याचं मोबाइलचं दुकान होतं, पण त्याचं लक्ष दुकानात कमी आणि वर्तकमध्ये जास्त. त्याला दोनदा नकली वर्तक विकला गेला. दुसऱ्या वेळी त्याने मुरबाडच्या बाजारात भरदिवसा विकणाऱ्याचा जबडा मोडला. तेव्हापासून खरं-खोटं बघायला तो मला बरोबर नेऊ लागला. मला नाही म्हणता येत नाही हे त्याला ठाऊक होतं.

मनोज वीटभट्टीवर मजूर पोचवायचा. डोळखांबच्या वरच्या पाड्यात तो सकुबाईच्या घरी गेला होता, यंदा तरी भट्टीवर चला म्हणून. ती माणसं आली नाहीत. तिचा मोठा मुलगा धाकलू भट्टीवरच विटांच्या ढिगाखाली मेला होता. पण मनोजला देवांच्या फळीवर वर्तक दिसला आणि त्याने मोबाइलवर फोटो काढून आणला. विपुलने तो मोठा करून बघितला. चारही कोपरे कोरे होते.

आम्ही पोचलो तेव्हा सकुबाई अंगणात बसून भाताच्या राबासाठी जाळायला आणलेल्या फांद्यांच्या डहाळ्या कोयत्याने सवळून वेगळ्या करत होती. तिचा धाकटा, कोंडू, भारे बांधत होता.

“परत आलास रे?” ती मनोजला म्हणाली. “सांगितलं ना, नाय येनार भट्टीवर.”

“भट्टीचं नाय गो. ह्या शेटला तुझा देव बघायचाय.”

“बघू दे. देवाला कोन आडवतो?”

दारातूनच फळी दिसत होती. तिच्यावर हळदीने पिवळा झालेला नारळ होता, दोन चांदीचे टाक होते आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला सलील वर्तक, पिशवीवर कुंकवाचं बोट. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून तो टाक देवांत ठेवतात. धाकलूचा टाक करायला चांदी नव्हती, आणि त्याचा फोटोही कुणी कधी काढला नव्हता.

“लहानपनी त्याला त्या पुडीत घावला हा,” कोंडू म्हणाला. “म्हनायचा, आये, बघ, हा मीच. नाक-डोळे, सगळा तोच. कधी कोनाला खेळायला दिला नाय.”

विपुल आधी गोड बोलला. “मावशे, मी तुला धाकलूचा चांदीचा टाक करून देतो. चांगला जाड. हा कागूद मला दे.”

“तुज्या टाकाला माज्या पोराचं तोंड असंल का?”

“टाकाला तोंड कुठं असतं गो? दोन डोळे नि एक टिंब.”

“मग तोच ने तू तुज्या घरी.”

मनोज फिस्सकन हसला. विपुल हसला नाही. तो वळून जीपकडे गेला आणि पहार घेऊन आला.

कोंडू दारात आडवा उभा राहिला. विपुलने पहार फिरवली, ती कोंडूच्या गुडघ्यावर बसली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. कोंडू खाली पडला तरी त्याने विपुलचा पाय धरला. विपुलने त्याच्या मनगटावर दुसरा घाव घातला, पहार दाराशी टाकली आणि मला दंडाला धरून आत शिरला. मनोज कोंडूच्या छातीवर गुडघा रोवून बसला. सकुबाई कोयता घेऊन धावत आली, तशी मनोजने ओरडून सांगितलं, “पुढं येऊ नको, याचा गळा दाबीन.” ती उंबऱ्यापाशी थांबली.

विपुलने पिशवी दाताने फाडली आणि कार्ड कडेने धरून माझ्यापुढे केलं. “बघा सर.”

मी भिंग काढलं. खऱ्या कार्डाच्या छपाईचे ठिपके गोल असतात, नकलीचे पसरलेले. खऱ्याचा कागद कडेला करडा दिसतो, नकलीचा पांढरा. ठिपके गोल होते, कड करडी होती. मी चुकत तर नाही ना, असं मला नेहमी वाटतं, तेव्हाही वाटलं. पण तिसऱ्यांदा बघूनही कड करडीच दिसली.

“मास्तर,” सकुबाई म्हणाली, “त्याला आडवा धरू नका. उभा धरा.”

मी कार्ड उभं धरलं.

“नकली आहे,” मी म्हणालो.

“नीट बघा.”

“बघितलं. कागद पांढरा आहे.”

“आयला,” मनोज म्हणाला, “फुकट चढलो डोंगर.”

मला वाटलं, आता तो ते फळीवर ठेवेल आणि आपण निघू. विपुलने माझ्या कानशिलात मारली. चष्मा उडाला. त्याने कार्ड ओढून घेतलं, ते धरलेला डावा हात घराच्या मेढीच्या लाकडी खांबावर टेकवला आणि उजव्या हाताने खिशातून लायटर काढला.

“नकलीची पूजा करता काय रे? जाळतोच हा तुमचा धाकलू.”

सकुबाईने उंबरा ओलांडला ते मला धूसर दिसलं. कोयत्याचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. तो मेढीत रुतला. विपुल आपल्या हाताकडे बघत उभा राहिला, आणि मग ओरडला. दोन बोटं सारवलेल्या जमिनीवर पडली होती, कार्ड त्यांच्यापासून वीतभर लांब.

मनोज कोंडूला सोडून पहारीकडे झेपावला. सकुबाई दोन्ही हातांनी कोयता उपटत होती. मनोजने पहार उचलली आणि कोयता निघाला. दोघं समोरासमोर आले.

“ये,” ती म्हणाली.

मनोजने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग विपुलला काखेत धरून तो त्याला बाहेर ओढू लागला.

मी चाचपडत चष्मा शोधला. एक काच फुटली होती. तुटलेली बोटं मी रुमालात गुंडाळली. कार्ड सकुबाईने उचललं. त्याचा एकही कोपरा दुमडला नव्हता.

“कोंडूला पण नेऊ,” मी म्हणालो. “शहापूरला दवाखान्यात.”

“तुमच्यासंगती? त्याला पाड्यातली मानसं नेतील झोळीतून. तुमी जा, मास्तर.”

जीप उतारावरून आदळत निघाली. मी मागे बसून विपुलचं मनगट गमछाने आवळून धरलं होतं. त्याचं रक्त माझ्या धोतरात मुरत होतं.

“डॉक्टरला सांगू, मळणीच्या यंत्रात गेला हात,” मनोज म्हणाला. “आणि म्हातारीचं मी बघतो. उद्या पोरं घेऊन येतो. घर ठेवत नाय.”

विपुल पांढरा पडला होता, तरी डोळे उघडे होते. “कार्ड खरं असंल तर उद्या कशाला, आज रात्रीच येऊ,” तो म्हणाला. “नकलीसाठी कोन चढतंय परत? उगा केस व्हायची.” मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, “सर, तुमी कधी खोटं बोलत नाय. बोलायची तुमची छातीच नाय. खरं सांगा. अस्सलच होतं ना ते?”

लोकांपुढे बोलताना माझा आवाज कापतो. ग्रंथालयात मुलं त्याची नक्कल करायची. त्या दिवशीही तो तसाच कापला, त्यामुळे त्यात वेगळं काही त्याला ऐकू आलं नसावं.

“नकलीच होतं,” मी म्हणालो. “तुमच्या त्या मुरबाडच्या कार्डाचाच छाप. कड पांढरी होती.”

तो डोळे मिटून रडायला लागला, लहान मुलासारखा, हुंदके देत.

“नकलीपायी बोटं गेली रे मनोज.”

“जाऊ दे,” मनोज म्हणाला. “तिकडं परत कोन जातंय.”

मी गमछा आणखी आवळला.